आंधळी पानं

बाबांच्या डाव्या अंगठ्याचं नख
आईनं कधी कापू दिलं नाही.
त्याला एक खाच कोरलेली होती.
तिच्यात लोखंडी लेखणी टेकवायची
आणि उजव्या हातानं ताडपत्रावर ढकलायची,
फाळ भुईत शिरतो तशी.
ओरखडा उठायचा.
अक्षर दिसायचं नाही.

अक्षर दिसायचं ते माझ्या हातून.
घेवड्याच्या पाल्याचा रस, कोळशाची पूड,
करवंटीत कालवून मी पानावर चोळायची,
चिंधीनं पुसून घ्यायची,
की नीलकेंदगडचे महाराज चंद्रकेतन
उमटून यायचे, काळे कुळकुळीत:
शत्रूंचे हत्ती लोळवताना,
राणीच्या भुवईपुढे हार खाताना,
दुष्काळात कोठारं उघडताना.

त्या वर्षी कोठारांना कुलपं होती.
आम्ही मोहाची फुलं उकडून खाल्ली.
बाबांनी ‘उघडली’ असं लिहिलं, मी काळं केलं.
पुसताना चिंधी
जरा जास्तच दाबली असेन.

काव्याच्या शेवटच्या ओळीत कवी आपलं नाव गुंफतो.
बाबांच्या शेवटच्या ओळीत महाराजांचं असे.
चौदा सर्ग. त्यातल्या एकात
प्रत्येक ओळ ‘क’नंच सुरू होणारी.
दरबारात ते वाचलं गेलं तेव्हा
महाराजांनी डोळे मिटून मान डोलावली,
स्वतःच्याच प्रतिभेला.
बाबांना रेशमी जोडी मिळाली
आणि नदीकाठची दोन माण जमीन,
जी ब्राह्मणी नदी दर श्रावणात परत घ्यायची.

काही पानं मात्र मला देत नसत.
‘ही राहू देत, कुंतळा. कोरी आहेत.’
कोरी कशी?
भिंतीपलीकडे रात्रभर लेखणीची किरकिर
मी ऐकलेली.

ते गेले. अकराव्या दिवशी
राजवाड्यातून सुदर्शन पटजोशी आला,
तोंडावर तराजू घेऊन.
काळी पानं मोजून नेली. दोनशे बारा.
कोऱ्यांची चळत उलटीपालटी केली,
‘जुनी झालीत, लिहायच्या कामाची नाहीत,’
म्हणाला, आणि चुलीकडे सरकवली.

आता मी ती वाचते. दिव्याचं तेल लागत नाही.
बोटाच्या टोकाखाली एक हत्ती येतो, म्हातारा,
माहुताच्या पोरीच्या हातचं केळं सालीसकट खाणारा.
कोठार येतं. कुलूप येतं.
नुसत्या कुलपावर तीन कडवी!
भाताची पेज निथळणारी आई येते,
वाफेपासून तोंड फिरवलेली.
आणि एका पानावर महाराजही,
मध्यरात्री, आमच्या ओट्यावर, एकटे,
हलक्या आवाजात विचारणारे,
‘आर्तत्राण, माझ्या काव्यातली ती ओळ आहे ना,
तिचा अर्थ काय रे?’

बाबांनी काय सांगितलं, ते लिहिलेलं नाही.

मग शेवटची ओळ.
नावाच्या जागी बोट घसरतं.
ओरखडासुद्धा नाही. गुळगुळीत,
हळदीचं, ताडाचं, नुसतं पान.
मी दुसऱ्यांदा फिरवलं बोट. तिसऱ्यांदा.

करवंटी फडताळात आहे.
परसात घेवडा माजलाय.
हात वळवळतात, खोटं कशाला बोलू?
पण दिसायला लागलं
की न्यायला माणूस येतो.

गेल्या महिन्यापासून
डाव्या अंगठ्याचं नख
मी कापलेलं नाही.