नखफूल

आमच्याकडे याला नखफूल म्हणतात.
तोंड झेंडूसारखं, केशरी,
पण बी तळहातावर घेतलं की नाव पटतं:
कुणीतरी अंगणात बसून नखं कापली
आणि तशीच टाकून उठून गेलं.

"पाकळ्याच घे, देठ नको," पलीकडून आई.
तिसा नदीकाठचं हे घर
ती आता खाटेवरूनच चालवते, भिंतीतून.
लिंझपासून रॉटरडॅमपर्यंत
चाळीस टनांचा ट्रक हाकणारा मी, बर्नाबाश,
दोन मुठी पाकळ्यांपुढे उभा.

रोझालियाने डुकराची चरबी दिली, मोहरीच्या जुन्या बरणीत.
मेणही तिच्याच पेट्यांतलं,
त्यात मधमाशीचा एक पंख, अजून चकचकीत.
तो काढू की राहू दे, हे विचारलं नाही.
काढला.

चरबी वितळली. पाकळ्या पडताच
फसफसून पातेल्याच्या काठापर्यंत आली.
"आली वर?"
"आली."
"उतरव. झाकण घाल. आता उद्या."
उद्या कशाला?
"रात्रभर मुरू दे तिला. तुझ्यासारखी घाई नाही तिला."

सकाळी पातेल्यात पिवळं, घट्ट, बलकाच्या रंगाचं काहीतरी.
परत वितळवलं, गाळलं,
माझ्या पहिल्या कम्युनियनच्या शर्टाच्या बाहीतून.
तिसऱ्या खणात आहे म्हणाली, आणि होता.
त्या बाहीत आता माझी तीनच बोटं जातात.

मग मेण. मग कॅमोमाइलचं पाणी,
खिडकीत निवत ठेवलेलं, तेच ओतलं.
क्षणात सगळं फुटलं:
चरबीचे गोळे एकीकडे, पाणी एकीकडे,
मयताच्या जेवणाला
एकाच बाकावर बसलेल्या भांडलेल्या भावांसारखे.

मी काही बोललो नाही.
"फुटलं ना," भिंत म्हणाली.
"गार ओतलंस. दोन्ही परत गरम कर, वेगवेगळं.
मनगटावर थेंब घालून बघ, एक याचा, एक त्याचा.
मनगटाला कळता कामा नये
कुठला कशाचा."

चार वेळा मनगट पुसलं.
पाचव्यांदा कळलं नाही.

"आता थेंबथेंब ओत, ढवळ. गार होईस्तोवर थांबू नकोस.
मी जपमाळ म्हणायचे, तेवढा वेळ लागतो."
जपमाळ मला येत नाही.
मी हमरस्ता म्हटला:
हेग्येशहालोम, मोशोनमग्यारोवार, ग्यॉर,
मधले पेट्रोलपंप, मधले वजनकाटे,
जिथे कॉफी बरी मिळते, जिथे पोलीस दडून बसतात.
तताबान्याच्या चढावर
चमचा जड झाला.
केशरी रंग उतरून जर्दाळूच्या आतल्या बाजूसारखा झाला.
चमच्यामागे राहिलेली वाट
बुजली नाही.

घेऊन गेलो. तिने पांघरुणातून पाय काढले.
हे पाय मी कधी पाहिले नव्हते.
रबरी बूट पाहिलेत, लोकरी मोजे, दारातल्या सपाता.
टाचा ऑगस्टातल्या तिसाच्या गाळासारख्या, भेगांच्या कडा उचललेल्या.
बोट आत बुडावं अशी एक भेग.
मी घाबरत घाबरत लावलं.
ती हसली. गुदगुल्या होतात म्हणे,
बासष्ट वर्षं कुणी हात लावला नाही तिथे.
बाबांनीही? नाही विचारलं.

"बोटांना राहिलंय ते पुसू नकोस. हात बघ स्वतःचे."
पाहिले. चोळलं.
स्टेअरिंगने घासून काढलेल्या घट्ट्यांवर
ते आधी तसंच बसून राहिलं,
मग हळूहळू गेलं आत.

"फ्रिजमध्ये ठेव. पाणी आहे त्यात,
महिन्याच्या वर टिकायचं नाही."
बरणी मोठी आहे, मी म्हणालो, एवढं सगळं?
ती खिडकीकडे बघत राहिली थोडा वेळ.
"अर्धं रोझालियाला दे," म्हणाली.
"आणि तारीख घाल वर. तुझ्या अक्षरात,
वाचता येईल असं."