कंदील आधी

केराप्पा बंडगर. वय एक्केचाळीस. मुक्काम हरिपूर.
धंद्याच्या रकान्यासाठी विचारलं तर म्हणाला,
'हळदीच्या पेवात उतरायचो.'
मी टाइप केलं : मजूर.

त्याच्या हाताच्या कातडीखाली एक थेंब टोचला होता,
अठ्ठेचाळीस तासांनी मीच पट्टी लावून बघितलं.
शून्य मिलिमीटर.
डास चावला तरी कातडी काहीतरी बोलते.
ही गप्प.
एक्स-रेसुद्धा घासलेल्या ताटासारखा.
बायको म्हणाली, 'म्हंजे काय न्हाईच की वो.'
आणि तो बाकावर खोकत होता,
रुमालाची चौपदरी घडी तोंडाशी धरून.

मशीनमध्ये पेशी एकेक करून जातात,
बारीक नळीतून, उजेडासमोरून,
मार्केट यार्डात काट्यावरून पोती जावीत तशा.
आठशे, हजार असतात धडधाकट माणसाच्या.
त्याच्या बेचाळीस.
मी परत लावलं. बेचाळीसच.

तो सांगत होता :
'पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई ताई.
वास जाऊ द्यायचा. मग दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर माणूस सोडायचा न्हाई.'
मग पुराच्या सालाचं काढलं.
पाणी वरनं आलंच नव्हतं म्हणे, खालनं पाझरलं,
वरनं बघणाऱ्याला पेव कोरडंच.

छातीतही असतं असं एखादं. माझ्याही असेल.
कधी काळी श्वासाबरोबर आलेले जंतू
पेशींनी गोल कडं करून कोंडलेले,
ना मेलेले, ना मोकळे.
त्याचं लिंपण रोज कुणीतरी करावं लागतं.
बेचाळीसजणी कुठं कुठं पुरणार?
आणि एक्स-रेवरचा डाग म्हणजे नुसता रोग नव्हे,
झटापटीची खूण असते ती.
भांडायलाच कुणी उरलं नाही
तर घर शांतच दिसतं.

थुंकीच्या दुसऱ्या तपासणीत सापडला क्षय.
आधी त्याच्या गोळ्या,
दोन आठवड्यांनी एचआयव्हीच्या.
जेवायला लागला. जिना चढून आला एकदा.
आणि तिसऱ्या आठवड्यात
मानेला हळदीच्या गड्ड्याएवढी गाठ,
ताप एकशे तीन.

बायकोनं गोळ्यांची पाकिटं टेबलावर आपटली :
'ह्येनंच झालं. उठून बसलावता माणूस.'
चौगुले मॅडम म्हणाल्या,
'गोळ्या बंद करायच्या नाहीत. पेशी परत आल्यात.
घरात कोण शिरलंय ते त्यांना आत्ता दिसलंय.'
'मग आल्या आल्या ह्यालाच का झोडपत्यात?'
मॅडमनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
'मधे तोच उभा आहे ना, बाई.'

सूज उतरवायचं औषध वेगळं दिलं.
गाठ फुटली, वाहिली, बसत आली.
मानेवर पट्टी, नखांत अजून पिवळं
(हळद सोडून किती वर्षं झाली, विचारायचं राहिलं),
कागद घ्यायला आला.
एकशे अठरा.

'म्हंजे किती झालं?'
किती म्हणून सांगायचं? मी म्हटलं,
'कंदील सोडलाय.'

तो काही बोलला नाही.
फरशीकडं बघत राहिला,
जणू तिथंच गोल तोंड आहे,
आणि रांगेतल्या मागच्या बाईला
हातानंच खूण केली,
जरा सरक. वारं येऊ दे.