गौण खनिज

कायद्याच्या भाषेत डोंगर म्हणजे गौण खनिज.
अकरा वर्षं हा शब्द टाइप करते आहे,
बोटं आता त्याच्याकडे न बघता पुढे जातात.

कातळवाडीच्या शाळेत जनसुनावणी होती.
बाकं व्हरांड्यात, वर्गात सतरंजी,
फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार;
खालची बाकी तेवढी राहिलेली : तीन.

गट नंबर एकशे बेचाळीस, सात हेक्टर,
पाच वर्षांचा खाणपट्टा, उत्खनन अमुक लाख ब्रास.
कंपनीचा माणूस नकाशावर पेन फिरवत म्हणाला,
रिंग रोड आहे, सिंहस्थाची कामं आहेत,
नाशिकला खडी लागणारच.
यमुनाबाई बेंडकोळी उठल्या, पदर नीट केला,
विचारलं, "डोंगराचे ब्रास कळले.
झऱ्याचे किती धरले?"
साहेबांनी माझ्याकडे बघितलं.
मी लिहिलं : पाण्याबाबत विचारणा झाली.

गंगापूर रोडवरून एक पोरगा आला होता, ओजस नावाचा.
त्यानं कड्यातली गिधाडांची घरटी मोजली होती,
ड्रोननं काढलेले फोटो भिंतीवर लावले,
फोटोत डोंगराला मागच्या बाजूनं
कुणीतरी चावा घेतल्यासारखं दिसत होतं.
बोलताना त्याचा आवाज कापत होता. खरं बोलत होता.

मग सुकदेव धोत्रे.
सुरुंगांनी कान गेलेत, म्हणून जरा ओरडूनच :
"बंद करा, आमचं काय, मुकाट बसू.
पण ह्या शाळेचा पाया माझ्या बापानं घडवलाय, छिन्नीनं.
इथला दगड नको, तर कुठला आणणार?
दगड कुठल्या तरी गावचाच असतो, साहेब."

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
ओजस पायातल्या बुटांकडे बघत होता.

चहाच्या वेळी धोत्र्यांनी रुमाल सोडून दाखवली,
पोपटी गारगोटी, लिंबाएवढी,
कडा इतक्या सरळ की माणसानं कापल्यात वाटावं.
"बार उडाला की कधीमधी खडकात पोकळी निघते,
आत ह्या बसलेल्या असतात गपगार.
व्यापारी पेपरात गुंडाळून नेतो,
तिकडं फॉरेनला दिव्याखाली मांडतात म्हणे.
हिच्यासाठी कोण डोंगर फोडत नाही, बाई,
पण फोडल्याबिगर ही दिसतही नाही."
हातात घेतली. थंड होती, आणि जड.
परत दिली. सरकारी नोकरीत घेता येत नाही.
तळहात मात्र गाडीत बसेपर्यंत थंड राहिला.

पाथर्डी फाट्याला आमचा फ्लॅट, चौथा मजला,
अजून चौदा वर्षांचे हप्ते.
स्लॅब पडला त्या रात्री मी आणि हे खाली उभे होतो,
मिक्सरचं पोट गरगर फिरत होतं,
मजुरांना पेढे वाटले, फोटो काढले.
गट नंबर विचारायचं सुचलं नाही.
रोज जो विचारते, तोच.

इतिवृत्त तीन पानांचं झालं.
साहेबांनी धोत्र्यांचं वाक्य लाल पेनानं काढलं,
"हे मुद्द्याला धरून नाही, मॅडम."
यमुनाबाईंचा प्रश्न राहू दिला,
त्यात आता प्रश्न उरला नव्हता म्हणून.
शेवटी नेहमीचं :
उपस्थितांनी आपापली मते मांडली,
आभारप्रदर्शनानंतर सभा संपली.

दर सोमवारी साडेअकराला ऑफिसचा फोन वाजतो.
नातवाच्या मोबाइलवरून यमुनाबाई,
मागं कोंबड्या, मधूनच लांबवर धडाम.
"बाई, आमच्या झऱ्याचा आकडा आला का?"
मी म्हणते, फाइल वर गेली आहे.
त्या थोडा वेळ थांबतात, मग विचारतात,
"वर म्हणजे कुठं?
डोंगरावर?"