टीप क्रमांक दोन

मार्चअखेर उलटून सहा आठवडे झाले,
अलकापुरीत सहाव्या मजल्यावर
मी अजून टीप क्रमांक दोन लिहितेय:
महत्त्वाची लेखाधोरणे.
ही टीप कोणी वाचत नाही.
भागधारक लाभांश बघतात
आणि अध्यक्षांचा फोटो.

पूर्वी एक वाक्य पुरायचं,
दरवर्षी साल बदलून चिकटवायचं:
हप्ता नव्वद दिवस थकला की तरतूद करावी.
म्हणजे आधी माणूस पडू द्यायचा,
मग नव्वद दिवस थांबायचं,
मग लिहायचं, पडला.

नवं मानक म्हणतं,
कर्ज द्याल त्याच दिवशी
त्यातलं किती बुडेल ते मांडा.
पेढ्यांचा पुडा अजून टेबलावर,
कर्जदाराची सही अजून ओली,
आणि आपण बाजूला काढायचा
त्याच्या न फेडण्याचा सव्वा टक्का.

त्यासाठी इतिहास लागतो.
धारक कंपनीखाली बँक,
बँकेखाली दोन उपकंपन्या,
आणि सगळ्यांच्या तळाशी
रावपुऱ्याची मूळ शाखा,
जिचे चोपडे पोत्यांत भरून माळ्यावर.
तीन दिवस धूळ खाऊन
मी एकोणतीस वर्षं उतरवून घेतली.
बुडीत: शून्य.
मॉडेलला दिलं. मॉडेल म्हणालं,
इथे कोणी कधीच बुडत नाही.

ऑडिटर भेसानियाबाई
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"शून्य मला आवडत नाही.
शून्यामागे कोणीतरी बसलेलं असतं."

बसलेले होते. गुणाजीराव दिघे,
दांडियाबाजारात, पहिल्या मजल्यावर,
कान गेलेले, आकडे शाबूत.
"मंगळबाजारचा कंसारा ना?
दर दिवाळीला त्याला नवं कर्ज द्यायचो, जुनं फेडायला.
याकुतपुऱ्याच्या शिवणवालीलाही.
तिचा नवरा गेला त्या साली दोनदा."

मी ओरडून विचारलं, नियमात बसायचं?
"बसवायचो."

आणि शेवटी फेडलं?
"कंसाऱ्यानं फेडलं. शिवणवालीनंही.
बाकीच्यांचं..."
त्यांनी हवेत हात फिरवला,
पाटी पुसावी तसा.

मला राग यायला हवा होता.
आला, थोडा, जिना उतरताना.
गेल्या वर्षी याच शून्याखाली
माझीही सही होती.

ताळेबंद एकत्र करताना
आपसातले व्यवहार वजा होतात.
आईनं लेकीला दिलेलं,
लेकीनं बहिणीला उसनं दिलेलं,
बाहेरच्याला काहीच दिसत नाही.
दिघ्यांनी अख्ख्या पेठेशी तेच केलं,
फक्त पेठ आमची उपकंपनी नव्हती.

मग मी लिहिलं:
जुन्या नोंदींत व्यवस्थापनाने
स्वतःच्या विवेकाने फेरफार केले आहेत.
भेसानियाबाईंनी 'विवेक' भोवती गोल काढला.
कोणाचा? कधीचा? कशाच्या आधारावर?
मी विवेक खोडला, 'अनुमान' केलं.
तरतूद अकरा कोटी चाळीस लाखांवर गेली.
संचालकांचा फोन आला, नफा कुठे गेला?
म्हटलं, साहेब, तो आधीच गेला होता,
आपल्याला आत्ता कळवतोय.
ते हसले नाहीत.

शेवटची ओळ दरवर्षीचीच:
मागील वर्षाचे आकडे, आवश्यक तेथे,
पुन्हा मांडले आहेत.
एकशे सेहेचाळीसावं पान, मुंगीएवढी अक्षरं.

रात्री पावणेदहाला दिघ्यांचा फोन,
ऐकू येत नाही म्हणून फक्त बोलत राहिले:
"शिवणवालीचं नाव हमीदा. हमीदाबानू गुलाम रसूल.
शेवटचे दोनशे दहा रुपये
रुमालात बांधून आणले होते.
कुठेतरी लिहून ठेव."

कुठे? या टीपेत नावांना रकाना नाही.
प्रुफाच्या समासात
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.
छापखाना वाडीत आहे,
सकाळी साडेनऊला उघडतो.