छातीइतकी रेघ

वादी ओसरली आणि भिंतीवर एक रेघ ठेवून गेली.
शम्सा खालाच्या घरात ती माझ्या छातीशी येते,
मोतालेबच्या हनुवटीशी.
रेघेच्या वर जुना पिस्ता रंग, आणि घड्याळ, चालू.
खाली फ्रिज उताणा, पोटात गाळ घेऊन.

आम्ही चौघे. मी एसीवाला, दापोलीकडचा.
दिलावर परकार सुतार, कुंजुमोन गवंडी,
मोतालेब रंग मारतो आणि बोलतो,
दोन्ही न थांबता.
सुवैकमध्ये त्या महिन्यात ज्याच्या हाती हत्यार
त्याला कुणी बोलावलं नाही, कुणी हटकलंही नाही.
आम्ही पलीकडे गेलो, एवढंच.
रमजानात ती कुंपणावरून ताट द्यायची,
माझं वेगळं, मांसाशिवाय.
मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

पहिला शुक्रवार नुसता फावड्यांचा.
गाळातून निघालं :
एक चप्पल, शिलाई मशीनचं पायडल,
भिजून वीट झालेला तांदळाचा कट्टा
आणि शेळीच्या गळ्यातली घंटा.
खालानं घंटा धुऊन खिडकीत ठेवली.
तिच्याकडे शेळी कधीच नव्हती.

दार फुगून चौकटीत बसेना.
दिलावरनं रंधा काढला, हात फिरवला, परत ठेवला.
म्हणाला, सूज आपोआप उतरू दे,
आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल.
तीन शुक्रवार तिच्या घराला दार म्हणून
फुलाफुलांची चादर होती.
वारा आला की घर श्वास घेतंय असं वाटायचं,
मोतालेब म्हणाला. त्याचं सोडा.

काम झालं की कहवा.
कप हलवला नाही तर ती ओततच राहते.
कुंजुमोनला हे नवव्या कपानंतर कळलं.

मधेच ताईचा फोन.
माजघरावरची कौलं सरकलीत,
झिलू मेस्त्री नऊशे मागतो नुसतं वर चढायचे.
तू तिकडे काय करतोयस आज, सुट्टी ना?
सांगितलं.
किती देतात?
म्हटलं, कहवा.
ती हसली. हसता हसता थांबली.
मी पाना खिशात घातला, परत काढला.
झिलूला नऊशे पाठवतो म्हटलं.

चौथ्या शुक्रवारी रंगाचा शेवटचा हात.
रेघ तीनदा झाकली, तीनदा वर आली,
जुन्या शाईसारखी.
मोतालेब गप्प झाला, पहिल्यांदाच.
खाला म्हणाली, राहू दे,
उद्या कुणी विचारलं पाणी कुठवर होतं,
तर बोट कुठं ठेवू?

पाचव्या शुक्रवारी आम्ही झोपलो होतो.
खजुराच्या बागेमागची आमची पत्र्याची खोली.
दार कुणी तरी वाजवलं, मग ढकललं.
खाला. हातात बादली, चुना, दोन धिप्पाड भाचे,
आणि नाकावर चष्मा, आधी न पाहिलेला.
तिनं भिंतीकडे पाहिलं.
आमच्याही भिंतीवर तीच रेघ,
तिच्यापेक्षा चार बोटं वर.
आमच्या गाद्या अजून विटांवर.

कुणाला सांगितलं नव्हतं.
सांगायचं काय, भाड्याची खोली.
तिनं विचारलंही नाही.
म्हणाली, महिनाभर ह्या पोराच्या चपला
माझ्या दाराशी ओल्या यायच्या.
माझी फरशी तर कधीच सुकली होती.
पोर म्हणजे मोतालेब, वय अडतीस.

मग तिनं पदर खोचावा तसा अबाया सावरला,
भाच्यांना अरबीत काही सुनावलं,
मला सुनावलं हिंदीत :
तू लावलेली फळी उताराची आहे,
पेले रात्री सरकतात, मला झोप लागत नाही.
दिलावर हसला. फळी त्यानं लावली होती.

दुपारी तिच्याच थर्मासातला कहवा.
विटांवरून उतरवलेल्या गादीवर ती,
आम्ही उंबऱ्यावर.
चुना ओला, डोळ्यांना झोंबणारा.
कप संपला की हलवायचा असतो,
आता चौघांनाही माहीत होतं.
कुणीच हलवला नाही.