चार कांड्या

घणसोलीला, सेक्टर नऊच्या मागच्या गल्लीत
आमचा गाळा नि पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत.
गिरणी सुरू झाली की टेबलावरचे स्क्रू सरकतात,
आणि दर शनिवारी पंख्यांच्या पात्यांवरून
मी ज्वारी पुसते. कधी नाचणी.
रंगावरून कळतं.

आज दोन डबे उघडे पडलेत, पोट वर करून.
डावीकडे रायझन, उजवीकडे आय-नाईन.
दोन्ही मढवींचे. थोरला हितेन हळदीचे व्हिडिओ कापतो,
धाकटा कुंजन त्याच हळदींची गाणी मिसळतो,
आणि जमिनीवरून नाही, पैशांवरून नाही,
सॉकेटवरून महिनाभर अबोला धरून बसलेत.
दोघांची मशीनं पहाटे तीनच्या सुमारास मरतात.
एवढं मात्र एकमताने.

ओवेस निळ्याच्या बाजूचा. म्हणतो,
"तुमचं लाल आधी शाळेत जातं बघा."
खरंय. नवी कांडी बसवली की
काळ्या पडद्यामागे पाच-सात मिनिटं
ते नुसतं चाचपत राहतं तिला:
किती वेळाने हाक मारली तर ओ देशील,
किती हलक्या व्होल्टला,
किती वेळा विचारलं तर उत्तर बदलणार नाहीस.
गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच म्हणतं, "गेलं वाटतं,"
आणि बटण दाबून बंद करतं.
मग पुन्हा ग म भ न.

निळं झटक्यात उठतं. कामाला लागतं.
वाजवीपेक्षा जास्त व्होल्ट पिऊन दोन वर्षं धावतं,
आणि एके दिवशी साध्या फाईलची गाठ सोडवताना सांगतं,
मेमरी कमी पडतेय.
मेमरी तिथेच असते. चौसष्ट जीबी, जागच्या जागी.
झिजलेला असतो तो स्वतः.
आम्ही अख्खं वर्ष बिचाऱ्या कांड्याच बदलत होतो,
ओवेस त्यांना शिव्याही देत होता.

रात्री लालवर चाचणी लावली.
लिही. वाच. ताडून पाहा.
पहिली कांडी एकटी: पास.
दुसरी, तिसरी. चौथी तर सगळ्यांत गरीब.
एकेकटीला विचारलं तर साक्ष स्वच्छ.
चौघींना शेजारी बसवलं, सहा हजारावर,
आणि दोन वाजून चाळीस मिनिटांनी
जिथे मी शून्य ठेवलं होतं तिथे एक निघाला.
एकच.
अब्जावधी खिडक्या विझलेल्या,
आणि एकीत कुणीतरी दिवा लावून बसलेलं.

थोरल्याला फोन केला: दोन काढ, नाहीतर वेग उतरवू.
"ताई, पैसे सहा हजाराचे दिलेत."
दिलेत. खोक्यावर छापलंय.
आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात
'पर्यंत' असंही छापलंय.
हा शब्द मी बारा वर्षं विकतेय,
कुणी त्याचे पैसे वेगळे विचारले नाहीत.

छत्तीसशेवर आणलं. एक फेरी, दुसरी, चौथी.
उजेडाला गिरणीवाल्या शांताबाईंनी शटर वर केलं,
ट्यूबलाइट मिचमिचली, मी श्वास धरला,
शून्य चुका.
निळ्याला नवं बायॉस घातलं, पण झिजलेलं भरून येत नाही;
चिप काढली, कंपनीला पाठवायला
फोमच्या खळग्यात झोपवली. तीन आठवडे लागतील.

तेवढे दिवस दोघांना मिळून एकच मशीन.
संध्याकाळी दोघं एकाच ॲक्टिव्हावरून आले.
धाकट्याने लाल डबा मांडीवर घेतला, लेकरासारखा नाही,
गॅसच्या सिलिंडरसारखा, हनुवटी वर टेकवून.
"मग यातलं चांगलं कोणतं?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, तळवलीच्या वळणावर खड्डा आहे, हळू घ्या.
थोरला किल्ली फिरवत म्हणाला,
"छत्तीसशेवरच नेतो."
धाकटा हसला की डबा सरकला, मला नीट दिसलं नाही.
बिलाचे आठशे राहिलेत.