पश्चिमेची भिंत

नकाशात मी पश्चिम आधी काढली
आणि बंद केली.

एकतीस वर्षं पीडब्ल्यूडीत रेषा ओढल्या.
दर शाळेला पश्चिमेकडे आठ खिडक्या,
कारण फाइलीत आठ लिहिलेल्या असत.
एप्रिलात त्या वर्गांतली मुलं
बाकांसकट सावलीमागे सरकत जायची.
तपासणीला गेले की दिसायचं.
सही करून परत यायचे.

म्हणून मोरारच्या या प्लॉटवर, पंचवीस बाय पन्नास,
एवढंच ठरवलं होतं:
दुपारी तीननंतरच्या सूर्याला आमच्याकडे दार नाही.

पातीराम मिस्त्री म्हणाला, एका भिंतीच्या दोन कशाला, बहनजी?
आणि मधे काय भरायचं?
काही नाही. चार बोटं हवा.
तो बराच वेळ त्या चार बोटांकडे बघत राहिला.
रिकाम्या जागेची मजुरी त्याने आजवर लावली नव्हती.
शेवटी लावलीच. अर्धी.

चुन्यात गूळ पडला, मेथीचं पाणी पडलं,
आणि कॉलनीतल्या झाडून सगळ्या मुंग्या
वास्तुशांतीआधीच जेवून गेल्या.

गच्चीसाठी कुल्हड जमवले,
स्टेशनसमोरच्या चहावाल्याकडून, वापरलेले, अकराशे चाळीस.
धुतले, वाळवले, ओळीने पालथे मांडले,
वर चुन्याचा कोबा.
आता आमच्या डोक्यावर कुणाकुणाचे ओठ आहेत:
भिंड-मुरैन्याच्या उतारूंचे, भरतीला आलेल्या पोरांचे,
गाडी चुकली म्हणून दुसरा चहा घेतलेल्या कुणाचे,
आणि प्रत्येकाखाली
घोटभर सावली.

हेरंब काही बोलला नाही
भिंत छातीपर्यंत येईस्तोवर.
मग एका संध्याकाळी विटांच्या ढिगावर चढला,
पश्चिमेला तोंड करून.
"किल्ला दिसतो इथून."
मी म्हटलं, ऊनही तिथूनच येतं.
"हो," म्हणाला.
"पण किल्ला दिसतो."

आजवर सगळ्या भाड्याच्या खोल्या.
एकीतून पाण्याची टाकी दिसायची,
एकीतून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले लेंगे,
दौलतगंजातल्या खोलीतून तर
समोरच्या खोलीतला माणूस, आमच्याकडे बघणारा.
मी त्याला कोष्टक दाखवलं:
पश्चिमेची काच, चौरस फुटामागे किती उष्णता.
चष्मा लावून त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.
हिशोब बरोबर आहे म्हणाला.
आणि ताटात अर्धी पोळी ठेवून उठला.

रात्री दीडला मी दिवा लावून
नकाशावर एक भोक पाडलं.

वीतभर रुंद, हातभर उंच,
दोन्ही भिंती मिळून होतात तेवढं खोल.
त्यात पांढुरक्या दगडाची जाळी,
भोकं किंचित दक्षिणेकडे वळवलेली.
जेठातला सूर्य उत्तरेला कलून मावळतो, त्याने बाहेरच बसावं.
पुसातला आला तर येऊ दे, चहाला.
पातीरामने जाळी हातात फिरवली,
एक डोळा मिटला,
म्हणाला, ही खिडकी नाही. ही समजूत आहे.
याची मजुरी पूर्ण.

परवा नौतपा लागला.
बाहेर सेहेचाळीस, बैठकीत चौतीस,
वहीत लिहून ठेवलंय, तारीख-वारासकट.
समोर चतुर्वेदींचा काचेचा दर्शनी भाग,
तीन एसी, तिघांचे श्वास गल्लीत.
लाइट गेली की ते सगळे रस्त्यावर येतात
आणि काच मात्र तापतच राहते, कुणी नसताना.

हेरंब साडेसहाला जाळीशी उभा असतो.
किल्ला कसला, धुळीत एक मळकट रेघ,
तेली का मंदिराचं टोक,
तेही वारा पडला तर.
त्याला पुरतं.

भिंतीबाहेर मी कडुनिंब लावलाय,
पश्चिम झाकायला.
आठ वर्षांत तो जाळीच्या वर जाईल,
मग किल्ला गेलाच.
हे त्यालाही ठाऊक आहे, कोष्टक त्याने वाचलंय.
तरी आंघोळीच्या पाण्याची बादली
रोज तोच नेऊन ओततो मुळाशी,
एक थेंब वाटेत न सांडता.

फांदी छाटायची की नाही,
ते भांडण
तेव्हाचं तेव्हा.